‘पत्रक वाचून लिहिणाऱ्या’ काकांचं उत्तर

‘सात-दहा स्प्लिट’ या नावाने लिहिणारे सद्गृहस्थ, नमस्कार.

‘हेवी ऑइलवर कोणता बॉल घ्यावा’ (म्हणजे बोलिंगच्या लेनवर तेलाचा थर जाड असेल तेव्हा) या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत ते ज्यांच्या नजरेतून सुटलं असेल त्यांच्यासाठी जसंच्या तसं देतो: “काका, लेख छान आहे, पण तुम्ही बॉल टाकून नाही, कंपनीचं पत्रक वाचून लिहिता. हेवी ऑइलवर आधी कव्हर आणि ग्रिट बघायची, कोअर नंतर. बॉल मोशन स्टडीतही तेच निघालंय. तुमचं वाचून नवशिके महागडा असिमेट्रिक बॉल घेतील आणि वरचं पॉलिश तसंच ठेवून टाकतील. आणि लेनवर 40 नाही, 39 बोर्ड असतात.”

(नवख्यांसाठी: कव्हर म्हणजे बॉलचं बाहेरचं कवच, ग्रिट म्हणजे ते घासायच्या पॅडचा खरखरीतपणा, आकडा लहान तितका खरखरीत. कोअर म्हणजे आतला जड गाभा, असिमेट्रिक बॉलमध्ये तो विषम आकाराचा असतो. बॉल मोशन स्टडी म्हणजे अमेरिकेतल्या बोलिंगचे नियम ठरवणाऱ्या यूएसबीसी या संस्थेने बॉल कसा वळतो याचा केलेला अभ्यास.)

बोर्ड 39च. चुकलं, दुरुस्त केलंय. साडेएकेचाळीस इंचांची लेन, तिच्यात इंचाहून किंचित जास्त रुंदीच्या 39 पट्ट्या, हे मला ठाऊक नाही असं नाही. रात्री साडेअकराला टाइप करत होतो. चूक ती चूक, मी कधी नाही म्हणत नाही.

आता ते ‘काका’. इंदूरला आम्ही पोहेवाल्यालाही काका म्हणतो, त्याचा राग कुणाला येत नाही. पण ‘काका, लेख छान आहे, पण’ यातला काका वेगळा. तो खांद्यावर हात ठेवून माणसाला खुर्चीतून उठवणारा काका आहे. असो.

आणि पत्रक! माझा पहिला स्वतःचा बॉल मुंबईहून अवंतिका एक्स्प्रेसने आला, बर्थखाली, माझ्या दोन्ही पायांच्या मधे, कारण पिशवी गडगडत पलीकडच्या बाईंच्या डब्यांवर गेली असती. 15 पौंड म्हणजे 6.8 किलो. रामबागेतल्या घरी आईने पिशवी उचलून पाहिली आणि म्हणाली, “पाटा घरात आहेच, पण वरवंटा गोल कशाला आणलास?” निळा पर्ल रिअ‍ॅक्टिव्ह होता, म्हणजे चकचकीत कव्हरचा, आरशासारखा. त्यात बघून भांग पाडता आला असता.

तोच घेऊन मी आयुष्यातल्या पहिल्या बाहेरगावच्या स्पर्धेला गेलो. सकाळची पहिली तुकडी, ऑइल मशीन नुकतंच फिरून गेलेलं, लेन ओल्या शहाबादी फरशीसारखी चमकत होती. इंदूरच्या लेनवर दुपारपर्यंत अर्धं तेल उडालेलं असायचं, त्यावर माझा बॉल छान वळायचा. स्पर्धेत मात्र तो न्हाणीघरातल्या साबणासारखा सरळ सुटला. उजव्या हाताचा बोलर मी. बॉल उजवीकडे काढला, तो डावीकडे पॉकेटमध्ये, म्हणजे एक आणि तीन नंबरच्या पिनांमधल्या फटीत, परत यायला हवा. आलाच नाही. पॉकेट चुकवून तीन नंबरच्या पिनच्याही उजव्या अंगाला लागत राहिला. पहिला गेम 118. शेजारच्या लेनवरचा मुलगा माझ्याकडे बघायचा टाळत होता, ते अजून आठवतं.

खेळ चालू असताना बॉल घासायला बंदी, त्यामुळे दिवसभर तसाच टाकत बसलो. रात्री लॉजच्या बाथरूममध्ये बादली उलटी घातली, तिच्यावर टॉवेलची चुंबळ, चुंबळीवर बॉल, आणि 1000 ग्रिटचं पॅड ओलं करून तासभर घासला. पांढरं पाणी निघत होतं. आरसा गेला, वर राखेसारखा मंदपणा आला. दुसऱ्या दिवशी तोच बॉल, तेच तेल, आणि पंचेचाळीस फुटांच्या पुढे तो वळला! हे कुठल्या पत्रकात होतं, सांगता?

(लगेच म्हणाल, ‘म्हणजे ग्रिटच ना?’ जरा थांबा.)

खडबडीत कव्हर तेलाचा थर भेदून लेनला धरतं, हे मी नाकारत नाहीच. पण कोअर काय करतो ते बघायला पत्रक नाही, फडकं लागतं. गेम झाल्यावर बॉल पुसायच्या आधी उजेडात धरा. माझ्या त्या निळ्या बॉलवर तेलाचं एकच जाड वळं असायचं, बांगडीसारखं. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात तोच तेलकट पट्टा पुन्हा लेनवर टेकत होता. नंतर घेतलेल्या असिमेट्रिकवर वळी पसरलेली दिसतात, दोन ठिकाणी एकमेकांना छेदून डमरूचा आकार होतो. दर फेऱ्याला कोरडा, ताजा भाग खाली येतो. वळ्यांच्या या पसरण्याला फ्लेअर म्हणतात, आणि तो कोअरमुळे येतो. तेल जास्त, तेव्हा कोरड्या भागाची किंमत जास्त. अमेरिकेच्या यूएसबीसीने कोअरच्या डिफरन्शियलला (फ्लेअर किती येईल ते सांगणाऱ्या आकड्याला) 0.060 ची मर्यादा उगीच नाही घातलेली. 2020 च्या ऑगस्टपासून बॅलन्स होलवर (बोटासाठी नसलेल्या, तोल साधायला पाडलेल्या जास्तीच्या भोकावर) बंदी आली, तेव्हा माझे दोन बॉल मला पदरचे पैसे घालून बुजवून घ्यावे लागले. पत्रकाने नाही बुजवले.

त्या स्टडीचं म्हणाल, तर तिथे बॉल टाकायला यंत्र होतं. यंत्राला सकाळच्या पहिल्या तुकडीत घाम फुटत नाही.

नवशिक्यांच्या खिशाची काळजी त्यांचे आईवडील करतील. शिवाय पॉलिशबद्दल मी लिहिलेलं आहे, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. एकच वाक्य आहे, पण आहे. वाचायचंच नसेल तर मी काय करणार? आणि मॉलमध्ये वाढदिवसाला गेल्यावर रॅकवरून जो प्लास्टिकचा बॉल उचलतात, त्याच्या जिवावर मला हेवी ऑइल शिकवायला आला नसाल अशी आशा करतो. तसे नसालच. ‘ग्रिट’ हा शब्द तुम्हाला माहीत आहे.

माझं म्हणणं मी बदललेलं नाही. तेल खूप आणि लांब असेल तर सॉलिड रिअ‍ॅक्टिव्ह (पर्लची चमक नसलेलं कव्हर), जोरदार कोअर, हाच क्रम लेखात होता. (‘सॉलिड’ हा शब्द कव्हरबद्दलच असतो आणि तो माझ्या वाक्यात पहिला आहे, एवढं नजरेला आणून देतो.)

तुम्ही इंदूरचेच दिसता, ‘लेन’ऐवजी एकदा ‘पट्टी’ लिहून खोडल्याची खूण राहिली आहे. शनिवारी सकाळी मी इथल्या लेनवरच असतो, ऑइल मशीनच्या पाठोपाठ. यायचं तर या. बॉल तुमचा आणा, पॅड माझ्याकडे आहेत. 500, 1000, 2000, तिन्ही कायम बॅगेत असतात.