वजनकाट्याने मुलं निरोगी होत नाहीत

पालकांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. सार असं: किशोरवयीन मुलांचं शाळेत दर महिन्याला वजन करा, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) घरी कळवा, तो 25 च्या वर गेला की रात्रीचं जेवण बंद, अधूनमधून टोचून बोला, आणि वजनं उचलू देऊ नका, उंची खुंटते. हेतू चांगला असेलही. सल्ला जवळपास सगळा चुकीचा आहे.

आधी वजनकाटा. कॅलिफोर्नियातल्या 79 शाळांमध्ये सुमारे 29,000 मुलांवर असंच काहीसं करून पाहिलं गेलं. निष्कर्ष 2021 मध्ये छापून आले. बीएमआय घरी कळवल्याने जास्त वजनाच्या मुलांमध्ये दोन वर्षांनंतरही फरक पडला नाही. उलट ज्यांचं शाळेत वजन घेतलं, त्यांची स्वतःच्या वजनाबद्दलची नाराजी इतरांपेक्षा वाढली. नवल ते काय? रांगेत आधी बूट, मग घड्याळ, मग खिशातली किल्लीसुद्धा काढून ठेवणारी मुलगी डोळ्यांपुढे आणा. आकडा मागच्या दोघींना ऐकू जाणार, एवढंच तिच्या डोक्यात असतं. त्या तासाला ती आरोग्याबद्दल काय शिकणार?

बरं, तो 25 चा आकडाही मोठ्या माणसांचा. वाढत्या मुलांचा बीएमआय वय आणि लिंगानुसार केलेल्या तक्त्यावर पाहतात, तोही डॉक्टरांनी, आणि एका नोंदीपेक्षा दोन-तीन वर्षांचा आलेख जास्त बोलतो. मुळात वयात येताना वजन वाढायलाच हवं. मुलींच्या मांड्या-कमरेवर चरबी येते, मुलग्यांचे स्नायू भरतात, हाडांचा मोठा साठा याच वर्षांत तयार होतो. कुणाचं हे अकराव्या वर्षी सुरू होतं, कुणाचं चौदाव्या. एकाच वर्गातली दोन मुलं म्हणूनच इतकी वेगळी दिसतात. हे मुलांना कुणी सांगतच नाही.

रात्रीचं जेवण तोडणं तर सरळ घातक. डाएटिंगमुळे लठ्ठपणा आणि खाण्याचे विकार, दोन्हींचा धोका वाढतो, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्येच बजावलंय. पोट मारलेलं मूल नंतर अधाशासारखं खातं. शिवाय पाळी सुरू झालेल्या मुलीला लोह जास्त लागतं. ताटच काढून घेतलं तर ते येणार कुठून? त्याऐवजी घरच्यांनी एकत्र जेवावं, असं तीच संघटना सुचवते.

टोचून बोलण्याबद्दल काय लिहायचं! चिडवलेली मुलं मैदानावर जात नाहीत, मैदान टाळतात.

राहिली उंची. हाडांच्या टोकांना वाढीचा मऊ थर (कूर्चा) असतो आणि त्याला इजा होऊ शकते, एवढं खरं. पण नीट देखरेखीखाली केलेल्या ताकदीच्या व्यायामाने वाढ खुंटल्याचा पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयासाठी रोज सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोमदार हालचाल सांगते, आणि त्यात आठवड्यातून किमान तीनदा स्नायू-हाडं बळकट करणारा व्यायाम. आधी नुसत्या बैठका, ढब जमली की हलकी डंबेल्स, शेजारी जाणता प्रशिक्षक. कोण जास्त जड उचलतो, या पैजा मात्र नकोत. दुखापती तिथे होतात.