‘इतर’मध्ये टाका, मोकळे व्हा

तर नागपुरातल्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून तुमची नेमणूक झाली. अभिनंदन. सेट-नेट झालं, मुलाखत झाली, मुलाखतीत नेमकं काय झालं ते आपण विचारत नाही. आता टेबलावर कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकची फाइल आहे, खिडकीत कूलर आहे आणि पाठीमागच्या एका कपाटात गोंड, कोलाम, कोरकू, माडिया अशा लोकांविषयीची शे-दोनशे पुस्तकं पडून आहेत. कूलरची हवा थेट त्यांच्यावर येते, म्हणून मे महिन्यात ती जरा फुगतात. त्यांची तालिका, म्हणजे शोधता येईल अशी यादी, करायची आहे. घाबरू नका. मी एकतीस वर्षं हेच काम केलं आणि त्यातलं एकही पुस्तक ज्याचं त्याला सापडू दिलं नाही. तेव्हा माझा सल्ला ऐका.

सगळ्यात आधी, डोकं वापरू नका. नोंद खाली ओढून घ्या. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कुणीतरी ती करून ठेवलेलीच असते. विषयशीर्षक येईल ‘गोंड (इंडिक पीपल)’. तेच ठेवा. आता ही माणसं स्वतःला कोयतूर म्हणतात, हे खरं. पण स्वतःचं नाव स्वतः सांगणाऱ्यावर कुठल्या खिडकीवर विश्वास ठेवतात, ते आधार कार्ड दुरुस्त करायला गेलात तेव्हा तुम्ही अनुभवलंच असेल. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं ‘वाचकाचा वेळ वाचवा’. इथे वाचक म्हणजे ग्रंथपाल, असा अर्थ आमच्या पिढीने लावला आणि तो टिकलाय.

मग बोधांक, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरचा विषयाचा आकडा. अमेरिकन ग्रंथपाल ड्यूईसाहेबांनी १८७६ साली सगळं ज्ञान दहा खणांत बसवलं. त्यातला दोनशेचा खण धर्माचा. २२० पासून २८९ पर्यंत ख्रिस्ती धर्म ऐसपैस पाय पसरून बसलाय आणि उरलेल्या जगाला २९० ते २९९ एवढी जागा. हिंदू धर्माच्या वाट्याला त्यातलं २९४.५ आलं. याचा राग आपल्याला येतो, यायलाच हवा. परिसंवादात यावर पोटतिडकीने बोला, टाळ्या पडतात. पण एसटीत अर्धी सीट मिळालेला माणूस त्यानंतर चढणाऱ्याशी कसा वागतो, ते आठवा आणि कोया पुनेमकडे वळा. गोंडांचा हा धर्ममार्ग, पारी कुपार लिंगोने घालून दिलेला. फारच उदार वाटलं तर २९९ मध्ये टाका, म्हणजे ‘बाकीचे धर्म’. मी तेवढाही उदार झालो नाही. रामायण २९४.५९२२ ला ठेवलं आणि लिंगोची कथा ३९८.२ ला, लोककथांत, करकोच्याला थाळीत खीर वाढणाऱ्या कोल्ह्याच्या शेजारी. माघ पौर्णिमेला सालेकशाजवळ कचारगडच्या गुहेकडे हजारो लोक जातात. लोककथेच्या दर्शनाला एवढी गर्दी का होते, हा प्रश्न समाजशास्त्र विभागाकडे पाठवून द्या.

इतिहासाचं मात्र नीट बघा, हे नाजूक काम आहे. नागपूर वसवलं छिंदवाड्याकडच्या देवगडच्या बख्त बुलंद शाहने, १७०२ साली. गोंड राजा. त्याला ९५४ मध्ये, भारताच्या इतिहासात ठेवा. शहराचा संस्थापक आहे, मान राखला पाहिजे. त्याच्याच जातभाईंवरची आजची पुस्तकं ३०५.८ मध्ये, वांशिक गटांत. राजा वरच्या मजल्यावर, प्रजा खालच्या मजल्यावर. मधल्या जिन्यात आपल्याकडे झेरॉक्सचं मशीन आहे.

कुणी म्हणेल, या लोकांकडे स्वतःचं वर्गीकरण नव्हतं म्हणून आपण आपलं लावतो. असं चारचौघांत बोलू नका, तोंडघशी पडाल. कारण होतं. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. प्रत्येक कुळ किती देवांचं, ते ठरलेलं. एका आकड्यातले सगळे भाऊ, त्यांच्यात लग्न होत नाही. सोयरीक दुसऱ्या आकड्याशी. म्हणजे आकडा सांगितला की माणसाने कुणाला भाऊ म्हणायचं आणि कुणाच्या दारी वरात न्यायची, ते कळतं. ड्यूईच्या आकड्यावरून फक्त कपाट कळतं. आणि ही सगळी तालिका परधानांच्या तोंडी. पिढ्यान्‌पिढ्या कुळांच्या वंशावळी आणि देवांच्या कथा गाऊन सांभाळणारे ते लोक. वीज गेली तरी चालणारा ओपॅक, म्हणजे संगणकावरची तालिका, म्हणा ना. आपला तर वीज असूनही चालत नाही.

यावरून लेखकाचा रकाना आठवला. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नागपुरात राहिले. १८६३ साली ते बुडून वारले, आणि त्यांची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापली. त्यात लिंगोचं मोठं गीत आहे, एका परधानाकडून लिहून घेतलेलं. तर शंभर नंबरच्या रकान्यात, म्हणजे लेखक म्हणून, हिस्लॉप. संपादक टेंपल. ज्याने गीत गायलं तो परधान? त्याला कुठेच घेऊ नका. गायक, कथक, माहिती देणारा अशा भूमिका नोंदवायची सोय त्याच नोंदीत आहे, हे मला ठाऊक आहे. तुम्ही ठाऊक नाही असं दाखवा. एकदा का गाणाऱ्याला लेखक मानलं, की उद्या वऱ्हाडातल्या जात्यावरच्या सगळ्या आज्या रॉयल्टी मागायला काउंटरवर उभ्या राहतील.

भाषेचा रकाना तर तीन अक्षरांत संपतो. मराठीला ‘एमएआर’. गोंडीला ‘जीओएन’ मिळालंय, नशीब तिचं. यवतमाळकडची कोलामी? मार्क, म्हणजे संगणकावरच्या नोंदीचा आपला साचा, त्याच्या यादीत तिला स्वतःचं अक्षर नाही. ‘डीआरए’ लिहा, म्हणजे इतर द्राविडी. मेळघाटातली कोरकू? ‘एमयूएन’, इतर मुंडा. लग्नपत्रिकेत शेवटी ‘व इतर समस्त आप्तेष्ट’ असतं ना, तसं. बोलावणं केल्याचं समाधान आपल्याला, आणि जेवायला कोण आलं-गेलं ते मोजायचं नाही. आणखी एक यादी आहे, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची. तिच्यात कोलामीला, कोरकूला वेगळी अक्षरं आहेत आणि मार्कच्या नोंदीत ती वापरताही येतात. पण त्यासाठी एक जादा खूण टाकावी लागते. चहाच्या वेळेत कोण खुणा टाकत बसणार?

लिपीबद्दल कुणी विचारलं तर ‘सिस्टम घेत नाही’ म्हणायचं. हे वाक्य पाठ करा, निवृत्तीपर्यंत पुरतं. बालाघाटकडच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी लिपी तयार केली. आदिलाबादकडच्या गुंजाळा गावात जुन्या पोथ्या सापडल्या, त्यांची लिपी वेगळीच. पहिली युनिकोडमध्ये २०१७ साली आली, दुसरी २०१८ साली. म्हणजे सिस्टम घेते. पण हे काउंटरवर उभ्या असलेल्या पोराला कुठे माहीत असतं? माझ्याकडे मसराम लिपीतली एक पुस्तिका होती. तिच्यावर मी लेबल उलटं चिकटवलं आणि ती अकरा वर्षं उलटीच उभी होती. दर सोमवारी आमचे परिचर मामा ती सुलटी करत आणि मंगळवारी मी परत लेबलाप्रमाणे लावत असे. एकदा ते म्हणाले, “साहेब, बुक डोक्यावर उभं हाय.” मी म्हटलं, “मामा, लेबल सरळ आहे ना? मग झालं.”

आता जरा परदेशात काय चाललंय ते सांगतो, म्हणजे उद्बोधन वर्गात पंचाईत होणार नाही. कॅनडात ब्रायन डिअर नावाच्या मोहॉक ग्रंथपालाने १९७० च्या दशकात आपल्या लोकांसाठी नवंच वर्गीकरण केलं. मूळनिवासी राष्ट्रं इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने न लावता, नकाशावर जी एकमेकांची शेजारी ती कपाटातही शेजारी. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात एक पूर्ण शाखा-ग्रंथालय त्याच धर्तीवर चालतं. त्याच्या नावाचा उच्चार साधारण ‘ह्वे-ह्वा’ असा होतो आणि लिहिताना नावाच्या मधोमध चक्क सातचा आकडा येतो. तिथल्या सिस्टमने तो घेतला. न्यूझीलंडने माओरी विषयशीर्षकांची स्वतंत्र यादी केली. ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीकच्या वारुमुंगु लोकांसोबत काम करताना ‘मुकुर्तु’ नावाची प्रणाली निघाली. मुकुर्तु म्हणजे जपून ठेवायच्या वस्तूंची झोळी. त्यात कोणी काय बघावं, ते समाज ठरवतो. ‘ठरावीक ऋतूतच ऐकवायचं’, ‘फक्त बायकांसाठी’ अशा खुणा नोंदीला लावता येतात.

हे सगळं स्लाइडवर टाका, आपल्याकडे आणू नका. आपल्याकडे ज्ञान सर्वांना खुलं असतं. गाइडच्या शोधप्रबंधाला पेटंट निघेपर्यंत कुलूप लावायची सोय आहे, ती वेगळी गोष्ट. ती बौद्धिक संपदा. गावच्या पुजाऱ्याने वर्षातून एकदाच म्हणायचा मंत्र कुणी मोबाइलवर उतरवून आणला, तर तो लोकसाहित्य. लगेच अपलोड करा.

आणि ज्या सॉफ्टवेअरवर तुम्ही हे सगळं करणार, त्याचं नाव काय? कोहा. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या भागातल्या ग्रंथालयासाठी ते बनलं आणि २००० सालच्या जानेवारीत सुरू झालं. कोहा हा माओरी शब्द. पाहुण्याने आणलेली भेट, परतफेडीच्या जाणिवेसकट दिलेली. आपल्याकडचा आहेर. म्हणजे माओरी शब्दाने लॉगिन करायचं आणि शोधपट्टीत ‘कोयतूर’ टाकलं की शून्य निकाल. मला यात काही विचित्र वाटायचं नाही. तुम्हाला वाटलं तर लॉगआउट करा.

शून्य निकालावर औषध आहे आणि ते धोकादायक आहे, म्हणून सांगून ठेवतो. अधिकृत शीर्षकांच्या फाइलमध्ये एक ओळ घालायची: ‘कोयतूर, पाहा गोंड’. दोन मिनिटांचं काम. एवढ्याने काही बिघडत नाही, असं वाटेल. पण ही ओळ घालणारा माणूस आज ना उद्या ती उलटी करून बघतो: ‘गोंड, पाहा कोयतूर’. कुणी कुणाकडे पाहायचं, हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की पगारवाढीतलं लक्ष उडतं.

दोन शब्दांच्या नोंदीने असा काय फरक पडतो, असं विद्यार्थ्यांनी विचारलं तर त्यांना झिरो माइलकडे नेऊ नका. तिथे गोवारी समाजाच्या लोकांचं स्मारक आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ असे दोन शब्द शेजारी छापलेत. गोवारी म्हणत होते ते आम्हीच, यादी बघणारे म्हणत होते ते तुम्ही नव्हे. २३ नोव्हेंबर १९९४ ला, हिवाळी अधिवेशन चालू असताना, ते हे सांगायला नागपुरात आले आणि चेंगराचेंगरीत ११४ जण गेले. २०१८ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. मी रोज त्याच्यावरून लायब्ररीत यायचो आणि टेबलाशी बसून नोंदी उतरवून घ्यायचो.

सल्लामसलतीचं एवढं मनावर घेऊ नका. समितीत आदिवासी सदस्य हवाच असेल तर इतिवृत्तात ‘निमंत्रित’ लिहा आणि निमंत्रण बैठकीच्या दुसऱ्या दिवशी पाठवा. नागपुरातच राहून मोतीरावण कंगालींसारख्या माणसाने गोंडीच्या भाषेवर, लिपीवर, पुनेमवर आयुष्यभर लिहिलं. आम्ही त्यांना विषयशीर्षकं ठरवायला कधी बोलावलं नाही. २०१५ साली ते गेले, तेव्हा फळ्यावर श्रद्धांजली लिहिली, सुवाच्य अक्षरात. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, मात्र जोरात ग्रंथप्रदर्शन लावा. टेबलावर निळा कपडा, वर वारली चित्र. वारली इकडचे नव्हेत, पालघरकडचे, हे कुणी काढत नाही.

राहता राहिले मामा. ते मूळचे गडचिरोलीकडचे. यंदा निवृत्त झाले, म्हणून तुम्हाला हे कपाट सोपं जाईल. मला नाही गेलं. पोरं ओपॅकवर शोधायची, शून्य निकाल बघायची आणि मुकाट्याने मामांकडे जायची. मामा विचारायचे, “कोनत्या गावचा बाबू? किती देवाचा?” आणि हाताला धरून नेमक्या फळीपाशी उभं करायचे. शेवटच्या वर्षी साठा पडताळणी केली तेव्हा कळलं, अख्खं कपाट चुकीच्या जागी लावलंय. बोधांकांचा क्रम कुठेच नाही. कुळांच्या पुस्तिका एकीकडे, त्यांच्या गावच्या देवांची त्यांना लागून, हिस्लॉप तळाच्या फळीवर, आणि ती उलटी पुस्तिका सुलटी. मी चिडलो. मामा म्हणाले, “साहेब, भाऊ भाऊ एका फळीवर ठेवले. सोयरे समोरच्या फळीवर. सोयऱ्याले पाठ नाही दाखवत आपन.”

मी ते सगळं बोधांकाप्रमाणे परत लावलं. दोन दिवस लागले. आता त्या कपाटापाशी गर्दी नसते, नॅकच्या पाहणीत ‘शांत वाचन परिसर’ म्हणून दाखवता येईल. किल्ली डाव्या ड्रॉवरमध्ये आहे. तिथेच एका चिठ्ठीवर मामांचा नंबर आहे, तो फाडून टाका. नाहीतर एखाद्या दुपारी लावावासा वाटतो.