रोज दुखे त्याला कोण पुसे

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे खापरावरचे मांडे होतात. पीठ तिंबून तिंबून सैल करायचं, पुरण भरलेली लाटी दोन्ही हातांवर झुलवत पार कोपरापर्यंत पसरवायची आणि उलट्या खापरावर टाकायची. अमळनेरला सासरी आल्यापासून हे काम माझंच. पाच वर्षांपूर्वी सातवा मांडा हातावर असताना कंबरेत अशी कळ आली की मांडा थेट चुलीत. त्या मांड्याची गोष्ट घरात अजून निघते. कंबरेची निघत नाही.

पहिला महिना सगळे विचारायचे. पुढे सासूबाई म्हणायला लागल्या, "तुन्हं ते रोजनंच शे." रागाने नाही हो, सवयीने. एमआरआय झाला. रिपोर्टात वयाप्रमाणे झीज, बाकी काही नाही. डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली आणि माझ्याकडे न बघता यांना सांगितलं, "मनाचं आहे." म्हणजे सोंग! घरी सगळ्यांनी तोच अर्थ घेतला. मीही.

दुसऱ्या डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी दिली, अमिट्रिप्टिलीन १०. मेडिकलवाला मुलगा हळूच म्हणाला, "ताई, ही डिप्रेशनची आहे." मी ती पट्टी तूरडाळीच्या डब्यात लपवली आणि तीन महिने हात लावला नाही. वेडी ठरायचं नव्हतं ना.

मधले ते दिवस मी कुणाला सांगितले नाहीत. रात्री कूस बदलली की जाग, सकाळी अंग जड, चिडचिड, मुलीवर ओरडणं, मग चोरून रडणं. कानबाई देवीच्या रोटाच्या सणालाही गेले नाही. एकदा तर असं जगून करायचं काय, इथवर आले.

पुन्हा गेले तेव्हा त्या दुसऱ्या डॉक्टरांनी वही काढून समजावलं. मेंदूकडून खाली येणाऱ्या काही नसा दुखणं दाबून धरतात. त्यांना लागणारी सेरोटोनिन, नॉरॲड्रेनालिन ही रसायनं मन थाऱ्यावर ठेवायलाही लागतात. त्या गोळीचा उदासीसाठीचा डोस बराच मोठा असतो. दुखण्याला थोडी पुरते. तीन महिन्यांवर टिकलेलं दुखणं म्हणजे जुनाट. झोप गेली की ते वाढतं, वाढलं की झोप जाते. वेदनेवर काम करणाऱ्या जागतिक संघटनेच्या व्याख्येत तर १९७९ पासून शरीराच्या जाणिवेसोबत भावनाही आहे. म्हणजे 'मनाचं आहे' हे अर्धं खरं होतं, पण त्या पहिल्या साहेबांनी ते फाईल बंद करायला वापरलं. याचा राग मला अजून आहे.

आपल्या बायका मनाचं दुखणंही अंगावरच सांगतात: हातपाय गळतात, डोकं धरतं. त्यांना नुसती पेनकिलर मिळते. आणि माझ्यासारखीला नुसता टोमणा.

गोळी, फिजिओथेरपी आणि रोजचं चालणं. दुखणं गेलेलं नाही, निम्म्यावर आहे. ज्यांना माझ्यासारखे विचार येत असतील त्यांनी १४४१६ लावा. टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

यंदा आखाजीला मी चार मांडे केले, पुढचे जाऊबाईंनी. खापरावरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "रात्री झोप लागली का गं?"