चौकटींमधली मैफल आणि न दिसणारा उशीर

महामारीच्या काळात देशोदेशीच्या कलाकारांनी घरात बसून, मिळून जे संगीत केलं त्यावरचे माहितीपट मी मन लावून बघते, आणि दर वेळी एकाच गोष्टीवरून भांडावंसं वाटतं. पडद्यावर वीस-पंचवीस चौकटी असतात. कुणी स्वयंपाकघरात व्हायोलिन वाजवतंय, कुणी पुस्तकांच्या कपाटापुढे चेलो घेऊन बसलंय. आणि मागून सांगितलं जातं की बघा, अंतर मिटलं, सगळे एकत्र वाजवू लागले.

ते एकत्र वाजवत नव्हते. प्रत्येक जण एकटा वाजवत होता. हे मोकळेपणाने सांगितलं तर त्या कलाकारांचं मोल वाढेल, असं मला मनापासून वाटतं.

मार्च २०२० मध्ये नेदरलँड्सच्या रॉटरडॅम फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राच्या वादकांनी आपापल्या घरून बीथोवनच्या नवव्या सिम्फनीतला आनंदगीताचा भाग सादर केला. बीथोवनच्या जन्माचं अडीचशेवं वर्ष होतं ते. तो व्हिडिओ जगभर फिरला, मीही कितीतरी जणांना पाठवला. अशा व्हिडिओंची रीत साधारण अशी असते : कानात इअरफोन, इअरफोनमध्ये ठरलेल्या लयीची टिकटिक, समोर फोनचा कॅमेरा. शेजारच्या वादकाचा श्वास ऐकू येत नाही, नजर मिळत नाही. आपला भाग वाजवून पाठवून द्यायचा. मग कुणीतरी तंत्रज्ञ रात्र-रात्र बसून ते तुकडे एकमेकांना जुळवतो. 'एकत्र' हा शब्द ज्याला खरोखर लागू पडतो तो हा माणूस, आणि माहितीपटात त्याचं नाव शेवटच्या पाट्यांमध्ये भुर्रकन निघून जातं.

ही रीत महामारीने शोधलेली नाही. अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटाकर यांनी २०१० मध्येच १२ देशांतल्या १८५ गायकांचे घरी केलेले व्हिडिओ जोडून आभासी कॉयर, म्हणजे गायकवृंद, उभा केला होता. २०२० च्या जुलैत त्याच पद्धतीने १२९ देशांतले १७,५७२ गायक जोडले गेले. आकडा ऐकून छाती दडपते. पण मला त्यातला एक गायक बघायचाय. बंद खोलीत, बाकीचे हजारो कसे गातील याची नुसती कल्पना करत आपला एक सूर धरून ठेवणारा. तिथे कॅमेरा दोन मिनिटं तरी थांबवा की!

खरं सोबत वाजवणं का जमत नाही, हेही या फिल्म्स सांगत नाहीत. 'इंटरनेट स्लो होतं' म्हणून मोकळ्या होतात. पण इंटरनेट कितीही वेगवान असलं तरी ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटरच जातो. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे केबल अगदी नाकासमोर सरळ टाकली तरी इकडचा आवाज तिकडे पोचायला सेकंदाचा सोळावा भाग लागणार. आता द्रुत लय घ्या, मिनिटाला २४० मात्रा. एक मात्रा पाव सेकंदाची, आणि चौगुनीतला, म्हणजे एका मात्रेत चार बोल बसवतानाचा, एकेक बोल सेकंदाच्या सोळाव्या भागाचा. इकडे तबलजीने 'धा' मारला की तिकडच्या सतारियाला तो एक अख्खा बोल उशिरा ऐकू येणार, आणि सतारियाचं उत्तर परत येईपर्यंत आणखी एक बोल निघून गेलेला. दोघंही एकमेकांसाठी थांबणार, लय ओढली जाणार. शिवाय प्रत्यक्षातला उशीर याहून बराच जास्त असतो. वादकांना साधारण पंचवीस-तीस मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर झेपतो, म्हणजे हवेतून आवाज आठ-दहा मीटर येईल तेवढा. स्टॅनफर्ड विद्यापीठातून आलेलं जॅकट्रिप किंवा जॅम्युलस यांसारख्या सॉफ्टवेअरमुळे एका शहरातले वादक खरंच जोडीने वाजवू शकतात. महासागर ओलांडून नाही.

पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं टिकटिकीवर निभावतं, स्वरलिपी समोर असते. आपल्या गाण्याचं काय करायचं? विलंबितात, म्हणजे संथ लयीत, गायक मुखड्याकडे, बंदिशीच्या सुरुवातीच्या ओळीकडे, वळतोय हे तबलजीला त्याच्या श्वासावरून कळतं, आणि समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, दोघं मिळून येतात. ते टिकटिकीवर कसं बसवणार? स्टुडिओत थर चढवून संगीत रचणं ही वेगळी कला आहे, आणि तिचा मला पूर्ण आदर आहे. संगीतकार रिकी केज बंगळुरूचे, ड्रमवादक स्टुअर्ट कोपलँड अमेरिकेतले. दोघांनी २०२१ मध्ये दुरूनच 'डिव्हाइन टाइड्स' हा अल्बम केला आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. आपल्याकडेही १९८८ च्या 'मिले सुर'मध्ये भीमसेनजींपासून सगळे वेगवेगळ्या ठिकाणीच दिसतात, आणि तरी ते एक गाणं आहे. माझी तक्रार जोडण्याबद्दल नाही. जोडलेल्या गोष्टीला मैफल म्हणण्याबद्दल आहे.

आणि आता जे मला सगळ्यात जास्त लागतं ते. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता, त्याच दिवशी देशभर लॉकडाऊन सुरू झालं. पाडवा पहाट गेली, जत्रांचा हंगाम गेला, डिसेंबरातला सवाई गंधर्वही झाला नाही. गायक फेसबुक लाइव्हवर आले, परदेशातल्या रसिकांपर्यंत पोचले, छान झालं. पण त्यांच्या मागे कितीदा ॲपवरचा तानपुरा आणि ॲपवरचाच ठेका असायचा, आठवतंय? अटलांटिकपलीकडचा गिटारवादक गाण्यात आला आणि दोन गल्ल्या सोडून राहणारा तबलजी घरी बसला. ज्यांचं घर फक्त साथसंगतीच्या बिदागीवर चालतं, त्यांना कुठल्या चौकटीत जागा होती? आंतरराष्ट्रीय सहकार्याची गोष्ट सांगताना हे वगळलं तर ती गोष्ट अर्धीच राहते.

शिकवण्याचंही तसंच. पुण्याचे गुरुजी आणि न्यू जर्सीतली शिष्या एकाच वेळी गाऊ शकत नाहीत. गुरुजींनी म्हणायचं, मग तिने म्हणायचं. झूमला तानपुरा म्हणजे पंख्याची घरघर वाटायची, म्हणून झूम तानपुऱ्याचा आवाजच गाळून टाकायचं. सेटिंगमध्ये जाऊन 'ओरिजिनल साउंड' चालू करावं लागे. सत्तरीतल्या गुरुजींनी हे सगळं शिकून घेतलं. गुरूच्या आवाजात आवाज मिसळून गाणं, ज्यातून गळा तयार होतो, ते मात्र त्या काळात बंद होतं. यावर कुणी अख्खा माहितीपट करावा.

माझ्या मित्रयादीत अमेरिकेत, आखातात, ऑस्ट्रेलियात राहून तेव्हा इकडच्या गुरुजींकडे शिकलेले बरेच जण आहेत. तुमचा रियाज तेव्हा कसा चालायचा ते लिहा. आणि तबला-पेटीची साथ करणाऱ्यांनी तर नक्की लिहा, तुम्ही तेव्हा काय करत होतात?