सोर्स हाती नसतो तेव्हा: ऑब्जकॉपीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, राम राम.

तुमची प्रतिक्रिया वाचली त्या रात्री लगेच उत्तर लिहायला बसले नाही, कारण त्यातल्या एका मुद्द्यामुळे आधी माझाच लेख दुरुस्त करणं भाग होतं. ते केलं, आता सविस्तर लिहिते. (नवख्यांसाठी: सोर्स म्हणजे माणसानं लिहिलेला मूळ कोड, कम्पाइल करणं म्हणजे तो मशीनच्या भाषेत उतरवणं, लायब्ररी म्हणजे तयार फंक्शनांचा संच, आणि ऑब्जकॉपी हे कम्पाइल झालेल्या फाइलीची नक्कल करताना तिच्यातले भाग काढणारं किंवा बदलणारं हत्यार.) ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी ती थोडक्यात अशी: "ताई, तुमचा लेख वाचून माझ्या भाच्यानं एका लायब्ररीवर ऑब्जकॉपी चालवलं आणि मूळ फाइलच गेली. दुसऱ्या कमांडनं ६४ केबीच्या चिपसाठी ३८४ एमबीची फाइल काढून दिली. मी बावीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काढली आहेत. कम्पाइल झालेल्या फाइलला हात लावणं म्हणजे औषधाच्या सीलबंद बाटलीचं लेबल बदलणं. सोर्स बदला, पुन्हा कम्पाइल करा. असले जुगाड शिकवून आपल्या खान्देशातल्या पोरांना वाईट खोड लावू नका."

फाइल गेली ती माझ्या चुकीनं. डिबगची (चुका शोधताना लागणारी) माहिती काढून टाकण्याचं उदाहरण देताना मी कमांडमध्ये एकाच फाइलचं नाव लिहिलं होतं. ऑब्जकॉपीला दुसरं नाव दिलं नाही, तर ते आधी तात्पुरती फाइल बनवतं आणि काम झालं की तीच मूळ नावावर आणून ठेवतं. विचारत नाही, जुनी प्रत राखत नाही. मॅन्युअलमध्ये हे सुरुवातीलाच लिहिलेलं आहे आणि मी ते लेखात सांगायला हवं होतं. भाच्यानं त्यात फाइल आणखी लहान व्हावी म्हणून 'स्ट्रिप-डिबग'च्या जागी 'स्ट्रिप-ऑल' घातलं, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. तयार प्रोग्रॅमवर ते खपून जातं, कारण तिथली जोडणी आधीच झालेली असते. लायब्ररीवर किंवा डॉट-ओ फाइलवर, म्हणजे कम्पाइल झालेल्या पण अजून न जोडलेल्या तुकड्यावर, चालवलं तर फंक्शनांची नावंच पुसली जातात, आणि मग हे तुकडे जोडणारा लिंकर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' (हे नाव सापडत नाही) म्हणत हात वर करतो. कोड आत तसाच पडून असतो, पण त्याला हाक मारायला नाव उरत नाही. ती फाइल आता परत यायची नाही. लायब्ररी ज्या झिपमधून आली ती पुन्हा उघडायला सांगा. लेखातल्या प्रत्येक कमांडमध्ये आता दोन नावं आहेत, आणि लायब्ररीवर 'स्ट्रिप-ऑल' चालवायचं नाही हेही ठळक लिहिलं आहे.

सीलबंद बाटलीचं मात्र मला पटत नाही. का ते एका फाइलमध्येच दाखवते.

चार ओळींचा सी प्रोग्रॅम घ्या, त्यात फक्त 'पुट्स'ला हाक मारा, आणि तो लिंक न करता नुसता कम्पाइल करा. आता फाइलच्या आत काय आहे ते दाखवणाऱ्या ऑब्जडम्पला कोड आणि रिलोकेशन दोन्ही दाखवायला सांगा. इंटेल किंवा एएमडीच्या ६४ बिट मशीनवर त्या हाकेच्या जागी पाच बाइट दिसतात: ई८ ०० ०० ०० ००. ई८ म्हणजे 'जा आणि परत ये'. कुठे जायचं ते पुढच्या चार बाइटांत असायला हवं, आणि तिथे चार शून्यं आहेत. त्याखाली रिलोकेशनची एक ओळ असते, तिचा अर्थ इतकाच की लिंक करताना इथे पुट्सपर्यंतचं अंतर भरा. म्हणजे कम्पायलरनं हा कागद कोऱ्या जागा सोडूनच पुढे दिला आहे. त्या जागा कोणत्या नावानं भरायच्या, ते नाव कोडमध्ये नसतंच. ते फाइलच्या दुसऱ्या भागात, सिम्बॉलच्या तक्त्यात असतं.

'रीडिफाइन-सिम' हा पर्याय फक्त त्या तक्त्यातलं नाव बदलतो. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, स्वतः करून बघा. नाव बदलण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या फाइलमधून 'डम्प-सेक्शन' वापरून टेक्स्ट सेक्शन, म्हणजे कोडचा कप्पा, बाहेर काढा आणि दोन्ही फाइलींची तुलना करणाऱ्या 'सीएमपी'ला द्या. एका बाइटचाही फरक निघणार नाही. (सेक्शन नुसतं बाहेर काढतानाही आउटपुट म्हणून 'डेव्ह-नल' (जिथे लिहिलेलं सगळं टाकून दिलं जातं) द्या. नाहीतर तुमच्या भाच्याचं झालं तेच होईल, मूळ फाइल पुन्हा लिहिली जाईल.) औषधाच्या बाटलीचं लेबल बदललं तर रोगी फसतो. इथे ते नाव वाचणारा एकटा लिंकर आहे, आणि त्याला बरोबर जागी पोचवायला म्हणूनच ते बदलायचं असतं.

आता 'सोर्स बदला' या मुद्द्याकडे येते. सोर्स हाती असेल तर सोर्सच बदलायचा, याबद्दल माझं दुमत नाही. माझ्याकडे तो नव्हता.

जळगावच्या एमआयडीसीत आमचं लहान वर्कशॉप आहे. केळीच्या बागांतल्या पंपांसाठी आम्ही कंट्रोलर बनवतो. शेतीची थ्री फेज लाइट ठरलेल्या तासांतच येते, पुष्कळदा रात्री, आणि व्होल्टेज खाली असताना मोटर सुरू झाली तर ती जळते. म्हणून कंट्रोलर आधी मीटरला मॉडबसवरून (यंत्रांनी आपसांत बोलायची एक पद्धत) व्होल्टेज विचारतो, मोडेमवरून शेतकऱ्याला कळवतो आणि मग पंप सोडतो. मीटरची लायब्ररी एका पुरवठादाराची, मोडेमची दुसऱ्याची. दोन्ही डॉट-ए फाइली, सोर्स एकाचाही नाही.

मोडेमची लायब्ररी जोडली त्या दिवशी मीटर मुका झाला. कम्पाइल नीट, लिंक नीट, वॉर्निंग एक नाही. तरी मीटरचं प्रत्येक उत्तर 'सीआरसी (मजकूर वाटेत बिघडला का ते तपासणारा आकडा) चुकला' म्हणून फेकलं जायचं, आणि व्होल्टेज कळलं नाही की कंट्रोलर पंप सोडत नाही, जे बरोबरच आहे. मे महिना होता. रावेर तालुक्यातल्या बागेत पारा ४४ च्या वर, आणि केळीला पाणी चुकलं की घडाचं काय होतं ते तुमच्यासारख्या अमळनेरच्या माणसाला मी सांगायला नको. आम्ही वायर बदलल्या, मीटर बदलला, दोन दिवस त्यातच गेले. मग माझ्या सहकाऱ्यानं लायब्ररींचा क्रम उलटा करून पाहिला. मीटर बोलायला लागला आणि मोडेमवरून फर्मवेअरची (कंट्रोलरच्या आतल्या प्रोग्रॅमची) फाइल उतरवणं बंद पडलं.

तिथे डोक्यात प्रकाश पडला. दोन्ही लायब्ररींत 'सीआरसी१६' नावाचं फंक्शन होतं. नाव एक, गणित वेगळं. मॉडबसचा सीआरसी ८००५ या पॉलिनॉमिअलवर, बाइटमधले बिट उलट्या क्रमानं घेऊन आणि सुरुवातीला एफएफएफएफ धरून काढतात. एक्समोडेमचा, म्हणजे मोडेमच्या लायब्ररीतल्या फाइल उतरवायच्या पद्धतीचा, १०२१ वर आणि शून्यापासून. तपासणीसाठी दोघांना १ ते ९ हे आकडे अक्षरं म्हणून देतात, तेव्हा मॉडबसचं उत्तर ४बी३७ येतं आणि एक्समोडेमचं ३१सी३. आम्ही हीच तपासणी बोर्डावर चालवून पाहिली. मीटरच्या लायब्ररीला मिळत होतं ३१सी३.

एकाच नावाची दोन फंक्शनं असताना लिंकर ओरडला का नाही, हा प्रश्न तुम्हालाही पडेल. डॉट-ए म्हणजे डॉट-ओ फाइलींचं गाठोडं. लिंकर सगळं गाठोडं उचलत नाही. एखादं नाव अजून मिळालेलं नसेल तर ते ज्या फाइलीत आहे तेवढीच ओढून घेतो. मोडेमच्या गाठोड्यातून 'सीआरसी१६' आधी मिळालं, त्यामुळे मीटरच्या गाठोड्यातली ती फाइल उघडायची त्याला गरजच पडली नाही. दोन्ही फाइली आत आल्या असत्या तर 'मल्टिपल डेफिनिशन' म्हणून त्यानं नक्की थांबवलं असतं. लिंकरची मॅप फाइल काढली तेव्हा पहिल्याच पानावर स्पष्ट दिसलं: कोणाच्या हाकेसाठी कोणत्या गाठोड्यातली कोणती फाइल आली. दोन दिवस आधीच मॅप उघडला असता तर त्या बागेचं पाणी चुकलं नसतं, ही बोच मला अजून आहे.

आता सांगा दादा, यात सोर्स कोणता बदलायचा? दोन्ही पुरवठादारांना मेल केले. एकानं पुढच्या आवृत्तीत पाहू म्हटलं, दुसऱ्यानं नाव बदलून वापरायला लेखी हरकत नसल्याचं कळवलं. हे लेखी असणं मला महत्त्वाचं वाटतं. ज्याची लायब्ररी त्याचं लायसन्स आधी वाचायचं, शंका असेल तर विचारायचं. लायसन्सची तपासणी उडवायला किंवा दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून खपवायला हे हत्यार वापरणाऱ्याच्या बाजूनं मी कधीच उभी राहणार नाही, आणि त्याबाबतीत तुमचा राग मला मान्य आहे.

मीटरच्या लायब्ररीवर 'रीडिफाइन-सिम' लावलं, 'सीआरसी१६'चं 'मीटर_सीआरसी१६' केलं आणि निकाल नव्या नावाच्या डॉट-एमध्ये घेतला. ऑब्जकॉपी गाठोड्यातल्या प्रत्येक फाइलीवर चालतं, त्यामुळे जिथे फंक्शन लिहिलेलं आहे तिथलं नाव बदललं आणि जिथून त्याला हाक मारली आहे तिथलंही. फाइलीतली नावं दाखवणाऱ्या 'एनएम'मध्ये आधी एका फाइलीत टी (इथे फंक्शन आहे) आणि तीन फाइलींत यू (बाहेरून हवं आहे) असं जुनं नाव होतं. नंतर तेच एक टी आणि तीन यू नव्या नावानं. पंप सुरू झाला.

'लोकलाइझ-सिम्बॉल' का नाही वापरलं, असं एका विद्यार्थ्यानं विचारलं होतं, तर तेही इथेच. त्यानं नाव त्या एका डॉट-ओच्या आत कोंडलं जातं आणि शेजारच्या तीन फाइलींना ते दिसेनासं होतं. तोच मार्ग हवा असेल तर आधी लिंकरच्या 'आर' पर्यायानं सगळ्या फाइली एका डॉट-ओमध्ये एकत्र कराव्या लागतात आणि मग बाहेर जी नावं हवीत तेवढी 'कीप-ग्लोबल-सिम्बॉल'नं उघडी ठेवायची. मोठ्या लायब्ररीसाठी हे जास्त स्वच्छ आहे. एका नावासाठी मी करत नाही.

याला मर्यादा आहेत आणि त्या मूळ लेखात पुरेशा जोरात मांडल्या नव्हत्या. कम्पायलरनं एखादं फंक्शन हाकेच्या जागीच उलगडून टाकलं असेल, तर तिथे नाव उरलेलंच नसतं, मग बदलणार काय? लिंक-टाइम ऑप्टिमायझेशनसाठी बनवलेल्या डॉट-ओमध्ये कित्येकदा मशीन कोडच नसतो, तिथे या युक्तीवर विसंबू नका. डिबगची माहिती वेगळ्या सेक्शनमध्ये असते, तिला नवं नाव कळत नाही, त्यामुळे चुका शोधायचा प्रोग्रॅम जीडीबी जुनंच नाव दाखवत राहतो. आमच्याकडे नवीन आलेला मुलगा यात अर्धा दिवस अडकला होता. आणि फाइलवर सही केलेली असेल तर एक बाइट बदलला तरी सही मोडते.

३८४ एमबीच्या फाइलचं उत्तर सोपं आहे, पण ते ऑब्जकॉपीत सापडायचं नाही. तुमच्या भाच्याचा बोर्ड निळ्या रंगाचा, एसटीएम३२एफ१०३वाला असणार. त्याची फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या आकडेमोडीत, ०८०००००० पासून सुरू होते आणि रॅम (वीज गेली की पुसली जाणारी) २००००००० पासून. 'बायनरी' प्रकारची फाइल म्हणजे मेमरीचा सरळ उतारा, सर्वांत खालच्या पत्त्यापासून सर्वांत वरच्या पत्त्यापर्यंत. मधली रिकामी जागा शून्यांनी भरली जाते. दोन पत्त्यांची वजाबाकी १८००००००, म्हणजे दशमानात ४०,२६,५३,१८४ बाइट, बरोबर ३८४ एमबी. यावरून एवढं नक्की की त्याच्या एखाद्या सेक्शनमध्ये मजकूर आहे, पण त्याचा साठवणीचा पत्ता फ्लॅशमध्ये न पडता थेट रॅममध्ये पडला आहे. बहुधा रॅममधून चालवायचं एखादं फंक्शन त्यानं वेगळ्या सेक्शनमध्ये टाकलं असावं.

इथे कोणी सांगेल की ते सेक्शन ऑब्जकॉपीच्या मोठ्या 'आर' पर्यायानं काढून टाक, फाइल लहान होईल. होईल, आणि चिपमध्ये ते फंक्शनच नसेल. हाक मारली की रॅममध्ये जे काही पडलेलं असेल ते कोड समजून चिप चालवायला जाईल. फाइल हेक्स प्रकारात (जिथे प्रत्येक तुकड्याबरोबर त्याचा पत्ता लिहितात) काढली तर ती आटोपशीर दिसते, पण प्रोग्रॅमर ते बाइट रॅमच्याच पत्त्यावर लिहायला जातो आणि वीज गेली की ते गेले. खरी दुरुस्ती लिंकर स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कोणता भाग कुठल्या पत्त्यावर ठेवायचा ते सांगणाऱ्या फाइलीत: त्या सेक्शनचा साठवणीचा पत्ता फ्लॅशमध्ये द्यायचा आणि सुरू होताना ते रॅममध्ये उतरवून घ्यायचं. स्क्रिप्ट त्याच्या हातात आहे, म्हणून तीच बदलायची. या ठिकाणी मी सोळा आणे तुमच्या बाजूला आहे.

राहिला पोरांचा प्रश्न. जळगाव, धुळे, शिरपूर, फैजपूरकडची मुलं आमच्याकडे प्रोजेक्टला येतात. सी येतं, मायक्रोकंट्रोलर येतो, पण 'बिल्ड'चं बटण दाबल्यावर आत काय घडतं हे बहुतेकांना कोणी दाखवलेलं नसतं. लिंकरचा एरर आला की ती नेटवरून सापडेल ती ओळ चिकटवत बसतात. वाईट खोड मी त्याला म्हणते. ज्या मुलीनं एकदा स्वतः त्या चार शून्यांच्या जागी पत्ता भरलेला पाहिला, ती पुढच्या वेळी एरर वाचते, मॅप उघडते, 'एनएम' चालवते. तिला पुण्यात नोकरी मिळो किंवा ती इथे राहून पंपाचे कंट्रोलर दुरुस्त करो, हे तिला लागणारच आहे. इथे लागण्याची शक्यता जास्त, कारण आपल्याकडे लायब्ररी पोचते, सोर्स पोचत नाही.

भाच्याला सांगा, नवीन फाइल काढण्याआधी 'रीडएल्फ'नं (फाइलीची रचना दाखवणारं हत्यार) सेक्शन आणि सेगमेंट (सेक्शन एकत्र करून चिपमध्ये जाणारे मोठे तुकडे) दोन्ही बघ, पत्त्याच्या रकान्यात २००० नं सुरू होणारं काय आहे ते वहीत लिही, आणि मॅप फाइल व लिंकर स्क्रिप्ट मला पाठव. रविवारी वर्कशॉप दुपारपर्यंत उघडं असतं. अमळनेरहून सकाळच्या गाडीनं दोघंही आलात तर बोर्ड बरोबर आणा, आपण तिथेच बसून स्क्रिप्ट नीट करू.