‘गुराखी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेतल्या बोर्डाची परीक्षा देऊन रोगप्रतिबंधाचा प्रमाणित पशुवैद्यक तज्ज्ञ कसं व्हायचं, या माझ्या मागच्या लेखावर ‘गुराखी’ या टोपणनावानं एक प्रतिक्रिया आली. ती आख्खी देतो, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको.

“भाऊ, जरा जमिनीवर या. चोपड्याकडे गाय अडली तर डॉक्टर वेळेवर सापडत नाही, आणि तुम्ही पोरांना अमेरिकेच्या बोर्डाची परीक्षा द्यायला सांगता. ज्यांना धड सुई धरता येत नाही तेच असली सर्टिफिकेटं घेऊन तज्ज्ञ होतात. फी डॉलरमध्ये, वर आपलं सरकार त्याला विचारत नाही. आम्हाला डॉक्टर पाहिजेत, डिग्रीवाले पोपट नकोत.”

त्या लेखाच्या मथळ्यात मी ‘गरुडझेप’ लिहिलं होतं. तो शब्द चौकातल्या बॅनरवर शोभतो, लेखावर नाही. तेवढं तुमच्या बाजूनं धरा.

आता सुई. भाऊ, माझे वडील पशुधन पर्यवेक्षक होते. लसीचा थर्मास सायकलला बांधून ते गावोगाव हिंडायचे आणि दावं धरायला मला न्यायचे. बैलानं लाथ कुठून मारली तर कुठे बसते, हे मला कॉलेजात जायच्या आधीच कळलं होतं. २००६ च्या फेब्रुवारीत नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला. तेव्हा अंगावर प्लास्टिकचा सूट चढवून कोंबड्या पुरणाऱ्यांत मीही होतो. तुम्ही कुठे होतात ते विचारत नाही. टोपणनावाला विचारून उपयोगही नाही.

पण समजा, मला सुई धरता येतच नाही. तरी प्रश्न उरतोच: सुई टोचायची कुठे, कधी आणि कुणाला? २०२२ च्या ऑगस्टमध्ये, लंपीच्या (गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या रोगाच्या) त्या वर्षीच्या साथीतला राज्यातला पहिला रुग्ण आपल्याच रावेर तालुक्यात, चिनावलला सापडला. बाधित गावाभोवती ५ किलोमीटरच्या पट्ट्यात शेळ्यांना होणाऱ्या देवी रोगाची लस गुरांना टोचायचं ठरलं. गोठ्यागोठ्यातून एकच ओरड, ‘लस दिली म्हणूनच लंपी आला.’ उत्तम सुई टोचणारा माणूस इथे गप्प होतो, कारण टोचल्यावर आठ दिवसांनी गाठी आलेली गाय त्याच्या डोळ्यांपुढे उभी असते. तिथे वही काढावी लागते. लस कोणत्या तारखेला दिली, गाठी कोणत्या तारखेला दिसल्या, त्याच गोठ्यातल्या लस न दिलेल्या जनावरांचं काय झालं. या रोगाचा सुप्तकाळ, म्हणजे विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, २८ दिवसांपर्यंत धरतात आणि लसीची ताकद यायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे आठव्या दिवशी गाठी आलेल्या गायीत विषाणू बहुधा लसीच्या आधीच शिरलेला होता. हे नुसतं तोंडी सांगून शेतकरी ऐकत नाही, आणि का ऐकावं? त्याला त्याच्याच गावचा तक्ता दाखवावा लागतो.

आणि तुमची ती लाडकी सुई! एकच सुई न बदलता आख्ख्या गोठ्यात फिरवली, तर माशा, डास, गोचिडांचं काम आपणच करतो. डिक्कीत तापलेली लस कितीही सफाईनं टोचा, ती पाण्याच्या मोलाची. वासरांना ब्रुसेलाची (गायी गाभडवणाऱ्या रोगाची) लस देताना सुई स्वतःच्या बोटात गेली तर डॉक्टरलाच ताप धरू शकतो, कारण त्या लसीतला जंतू जिवंत असतो. यातलं काहीही हाताच्या सफाईनं सुटत नाही.

अमेरिकेतल्या त्या बोर्डाच्या परीक्षेत हेच तर विचारतात: संसर्गजन्य व परजीवी रोग, साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र, अन्नसुरक्षा, पर्यावरणाचं आरोग्य, सार्वजनिक आरोग्याचं प्रशासन. हे खूळ कालचं नाही. तिथल्या पशुवैद्यक संघटनेनं या तज्ज्ञशाखेला १९५१ मध्येच मान्यता दिली. पोपटाला घोकून जमेल असं यात काय आहे, ते एकदा कळवा. परीक्षेला बसायच्या आधी अनुभव दाखवावा लागतो, शिफारसपत्रं लागतात, आणि मुळात पशुवैद्यकाची पदवी लागते. तुमचा ‘सुई न धरता येणारा’ दारातूनच परत जाईल.

बाकीचं थोडक्यात. फी डॉलरमध्ये आहे. हे मी लेखातच लिहिलं होतं, वाचलं असतंत तर दिसलं असतं. भारतात व्यवसाय करायला पशुवैद्यक परिषदेची नोंदणी लागते, या प्रमाणपत्रानं तो हक्क मिळत नाही, हेही लिहिलं होतं. ज्याला एवढा खटाटोप नको, त्यानं एम.व्ही.एस्सी.ला (पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर पदवीला) सार्वजनिक आरोग्य विषय घ्यावा, दोन वर्षांत पदवी हातात येते. चोपड्याला डॉक्टर वेळेवर का येत नाही, हे मला विचारून काय फायदा? रिकाम्या जागा मी भरत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी उडवणार नाही. फक्त ‘पोपट’ काढा, कारण हा ब्लॉग माझे विद्यार्थीही वाचतात. आणि पुढच्या वेळी खऱ्या नावानं लिहा, म्हणजे तुमच्या गोठ्यातल्या वासरांना ब्रुसेलाची लस दिली की नाही तेही विचारता येईल. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींनाच देतात ती, गोऱ्ह्यांना नाही. वय निघून गेलं असेल तर आता आणू नका.