स्लॉट ‘जेन ४’वर टाकला म्हणून हॅशरेट वाढत नाही

‘माइनिंग रिग लावताय? बायोसमध्ये सगळे पीसीआय-ई स्लॉट जेन ४ वर टाका, कार्ड एक्स१६ स्लॉटमध्येच बसवा, अबव्ह फोरजी डिकोडिंग ऑन करून कार्डची मेमरी वाढवा, हॅशरेट दुप्पट! रायझरला साटाची वायर चालते.’ ग्राफिक्स कार्डांवर क्रिप्टोचलन मिळवणाऱ्यांमध्ये हा मेसेज इतक्यांनी पुढे ढकललाय, की नवीन माणूस तो डोळे झाकून पाळतो. (हॅशरेट म्हणजे कार्ड सेकंदाला किती हॅश, म्हणजे माइनिंगच्या कोड्याचे प्रयत्न, काढतं तो आकडा. पीसीआय-ई स्लॉट म्हणजे मदरबोर्डवरची कार्ड बसवायची खाच, आणि जेन म्हणजे तिच्या वेगाची पिढी.) त्यातलं ‘अबव्ह फोरजी ऑन करा’ एवढंच बरोबर आहे, आणि त्याचंही कारण चुकीचं दिलंय.

आधी एक्स१६, म्हणजे सोळा लेनचा (डेटाच्या वाटांचा) लांब स्लॉट, बघू. इथेरियमच्या इथॅश या माइनिंग अल्गोरिदममध्ये एका हॅशसाठी कार्ड स्वतःच्याच मेमरीतून ६४ वेळा १२८ बाइट वाचतं, म्हणजे ८ केबी. ८ जीबीच्या आरएक्स ५८० ची मेमरी सेकंदाला २५६ जीबी वाचू शकते. भागाकार केला की ३१ मेगाहॅश येतात, आणि ते कार्ड साधारण तेवढेच द्यायचं. या हिशेबात स्लॉट आला कुठे? मदरबोर्डकडून कार्डाला जातं ते काम, आणि परत येतं ते उत्तर, दोन्ही चिमूटभर. जेन १ ची एकच लेन सेकंदाला २५० एमबी वाहते, ती बहुतेक वेळ रिकामीच असते. इथेरियमचं माइनिंग १५ सप्टेंबर २०२२ ला बंद झालं, पण मेमरीवर चालणाऱ्या बाकीच्या अल्गोरिदमचंही गणित याच जातीचं.

याला एक अपवाद मला माहीत आहे. २०२१ मध्ये आरटीएक्स ३०६० वर हॅशरेटला लगाम होता. ४७०.०५ या बीटा ड्रायव्हरने तो चुकून सैल केला, पण त्यासाठी एक्स८ किंवा जास्त रुंद जोडणी लागायची. ‘एक्स१६ शिवाय जमत नाही’ ही समजूत कदाचित तिथूनच उरली असेल. तो ड्रायव्हरचा पहारा होता, बँडविड्थची गरज नव्हे.

आता जेन ४. रायझर म्हणजे कार्ड बोर्डापासून दूर बसवायची जोडणी. तिची ती निळी यूएसबी वायर दिसते यूएसबीची, पण तिच्यातून जातात पीसीआय-ईचे सिग्नल. वेग वाढवाल तितका सिग्नल नाजूक होतो. माझ्या रिगमधलं सहावं कार्ड दर तासा-दोन तासांनी गायब व्हायचं. रायझर बदलला, स्लॉट बदलला, ड्रायव्हर नव्याने टाकला, काही नाही. शेवटी बायोसमध्ये त्या स्लॉटचं ‘ऑटो’ काढून ‘जेन १’ केलं आणि ते कार्ड टिकलं. हॅशरेटचा आकडा होता तिथेच. (कार्ड रिकामं असताना लिंक जेन १ दिसली तर घाबरू नका, वीज वाचवायला ते स्वतःच खाली उतरतं.)

अबव्ह फोरजी डिकोडिंगने कार्डची मेमरी एका बाइटनेही वाढत नाही. प्रत्येक कार्ड सिस्टीमकडे पत्त्यांची जागा मागतं, बहुधा २५६ एमबीचा तुकडा आणि वर थोडं किरकोळ. चार जीबीच्या खालच्या भागात ही जागा मोजकीच असते, आणि तिथे बाकीची उपकरणंही बसलेली. चार-पाच कार्डं मावतात, पुढचं लावलं की बोर्ड बूटच होत नाही किंवा ते कार्ड दिसत नाही. सेटिंग ऑन केली की चार जीबीच्या वरची जागा खुली होते. एका-दोन कार्डांच्या रिगला तिने काही फरक पडत नाही.

रायझरला साटाची, म्हणजे हार्डडिस्कला वीज देणारी वायर लावणं मात्र नुसती चूक नाही, धोका आहे. एक्स१६ स्लॉटमधून कार्ड १२ व्होल्टवर ५.५ अँपिअरपर्यंत, म्हणजे ६६ वॅट ओढू शकतं. साटा कनेक्टरच्या १२ व्होल्टच्या तीन पिना मिळून ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. कार्ड कमी ओढणारं असेल तर महिनोन्महिने चालतं, म्हणूनच लोक ‘माझं तर चालतंय’ म्हणतात. ओढ जास्त असली की पिवळ्या वायरीच्या बाजूचं प्लास्टिक आधी तपकिरी पडतं, मग वास येतो. रायझरला पॉवर सप्लायमधून थेट सहा पिनांची वायर द्या, आणि एका वायरीवर दोनपेक्षा जास्त रायझर लटकवू नका.